नामकरणासाठी नसलेला दिवाळी अंक

चंडीगडच्या मराठी माणसांचे वर्गीकरण अवघड नाही. पहिला गट लष्कराचा. तो चंडीमंदिरच्या छावणीत राहतो आणि घराचे पडदे मापाचे होईपर्यंत दुसरीकडे निघून जातो. दुसरा हवाई दलाचा. आपण पहिल्या गटापेक्षा वेगळे आहोत एवढेच त्याचे वैशिष्ट्य. तिसरा बदलीवर आलेल्या सरकारी आणि बँकेच्या नोकरांचा, जो आल्या दिवसापासून परत जाण्याचा अर्ज करत असतो. चौथा आयटी पार्कातला. तो गणपतीला येतो, मोदकाचा फोटो काढतो आणि नंतर थेट पुढच्या गणपतीला दिसतो. यातल्या कुठल्याच गटात न बसणाऱ्यांसाठी ‘मॅडमचे मिस्टर’ असा एक किरकोळ गट आहे. माझी पत्नी सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत बदलून आली आणि मी वर्तमानपत्राच्या डेस्कवरची नोकरी सोडून तिच्याबरोबर आलो, त्यामुळे माझी नोंद तिथे झाली.

डेस्कवर काम केलेला माणूस इथल्या मराठी मंडळाला सापडला की त्याला दिवाळी अंकाची प्रुफे देतात. मंडळाचा अंक दरवर्षी निघे. छापखाना स्थानिक होता आणि तिथला कारागीर हिंदीच्या शिस्तीत वाढलेला होता. मराठीतला ‘ळ’ ही त्याच्या मते आमची टंकनाची चूक होती आणि तो ती न सांगता सुधारून देई. त्याने काढलेले ‘ळ’ परत बसवणे हे माझे मुख्य काम.

संपादक एक निवृत्त विंग कमांडर होते. हवाई दल म्हटले की लोकांना विमाने आठवतात. हे साहेब पूर्ण कारकीर्द भांडार विभागात होते. सुट्या भागांना नंबर देणे, एका भागाला दोन नंबर पडले असतील तर शोधून काढणे, आणि ते कोणामुळे पडले याची चौकशी लावणे, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर ते पंचकुल्याला स्थायिक झाले आणि चौकशी लावण्यासाठी त्यांच्या हाताशी फक्त मंडळ उरले. कवितेतल्या ओळी समान लांबीच्या नसल्या तर ते कवीला फोन करत.

त्या वर्षी गणपतीत ‘आपल्यातले कर्तृत्व’ नावाचा कार्यक्रम ठेवला होता. आपल्यात कर्तृत्व कोणाकडे आहे याचा शोध घेताना समितीची बरीच दमछाक झाली. शेवटी छावणीतल्या एका लेफ्टनंट कर्नलची पत्नी सापडली. ती कोळ्यांचा अभ्यास करते आणि तिला एक नवी प्रजाती मिळाली आहे, असे कळले. मंडळात तिला ‘स्पायडर मॅडम’ म्हणत. तिचे खरे नाव विचारण्याची गरज कोणाला पडली नव्हती.

तिची कथा फौजी बायकांमध्ये नवी नाही. पीएचडी पुण्यात सुरू केली. नवऱ्याची बदली झाली तेव्हा नोंदणी दुसऱ्या विद्यापीठात हलवली. पुढची बदली झाली तेव्हा दुसऱ्या विद्यापीठाने पहिल्याचे काम मानायला नकार दिला. तिसऱ्या ठिकाणी विषयाचा मार्गदर्शकच नव्हता. तिथे तिला मुलींना शिवणकाम शिकवण्याचा आग्रह झाला. चंडीगडला तिला विद्यापीठात एक टेबल, एक जुना सूक्ष्मदर्शक आणि निवृत्तीला आलेले मार्गदर्शक मिळाले. क्वार्टरच्या दारावरच्या पाटीवर नवऱ्याचे नाव, सामानाच्या काळ्या पेट्यांवर पांढऱ्या रंगात हुद्द्यासकट नवऱ्याचे नाव, क्लबच्या निमंत्रणावर ‘मिसेस’ आणि पुढे पुन्हा नवऱ्याचे नाव. या सगळ्यात तिने एकच हट्ट धरला होता. शोधनिबंधावर ती माहेरचे नाव लावत असे.

कोळी सापडला तो क्वार्टरच्या मागच्या भिंतीवर. नव्या प्रजातीचे वर्णन करताना ती नेमकी कुठे मिळाली ते अक्षांश-रेखांशासह लिहावे लागते. छावणीतल्या भिंतीचे अक्षांश-रेखांश परदेशी नियतकालिकात छापणे हा मात्र वेगळ्या कायद्याखाली येणारा विषय आहे. ती परवानगी मागायला गेली तेव्हा संबंधित अधिकाऱ्याने विचारले, ‘‘कोळी फाटकाबाहेर जाऊ शकत नाही का?’’ ती पुढचा हंगाम फाटकाबाहेरच्या टेकडीवर झुडपे झटकत फिरली. अखेर तिथे त्याच जातीचा नर मिळाला. देशाची सुरक्षा आणि प्राणिशास्त्र दोन्ही वाचले.

कार्यक्रम आरतीनंतर होता. तिने सोप्या मराठीत सांगितले, की प्राण्याला नाव देण्याची एक आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. नाव छापून यावे लागते. हा प्राणी आपल्या नातेवाइकांपेक्षा वेगळा कसा, ते त्याबरोबर लिहावे लागते. एक नमुना ‘हाच तो’ म्हणून निवडायचा, आणि तो कोणत्या संग्रहालयात ठेवला ते सांगायचे. ही जात नवी आहे असेही स्पष्ट म्हणायचे. हे सगळे ज्याने आधी छापले, त्याचे नाव आणि वर्ष त्या प्राण्याच्या नावापुढे लागते. उद्या कोणी त्या जातीला दुसऱ्या कुळात हलवले तरी ते नाव तिच्याबरोबर जाते.

प्रश्नोत्तरांत नागपूरहून बदलून आलेले एक बँक अधिकारी उठले. मंडळात प्रश्न विचारण्याचे काम त्यांच्याकडे होते.

‘‘मॅडम, मले तर हा कोळी कोळ्यासारखाच दिसून राहिला. वेगळा कायच्यावरून म्हणता?’’

‘‘बाहेरून नाही कळत. नराचं जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं.’’

मंडळाच्या अध्यक्षबाई आरतीच्या तबकातल्या वाती सारख्या करू लागल्या.

‘‘म्हणजे पोलीस व्हेरिफिकेशनच झालं जी,’’ बँक अधिकारी म्हणाले आणि बसले.

अध्यक्षबाईंनी विषय सावरला. ‘‘नाव काय दिलंस? मंडळाचं देता येईल का?’’

‘‘डोंगरावरून दिलंय. निबंध स्वीकारला गेलाय, जानेवारीत येईल.’’

‘‘आठ डोळे म्हणालात ना?’’ मागून कोणी तरी विचारले. ‘‘मग आमच्या सासूबाईंचं द्या.’’

‘‘घरी चला,’’ शेजारून आवाज आला.

पहिल्या रांगेत विंग कमांडर मान खाली घालून लिहून घेत होते. नंतर आठवडाभर ते तिला फोन करत राहिले. लांबी किती? केसांचे पट्टे पुढून मागे कोणत्या क्रमाने? जवळच्या दोन जातींपेक्षा नेमका फरक कोणता? वस्तू सध्या कोणत्या भांडारात आहे आणि तिचा नोंदणी क्रमांक काय? तिने सगळ्याची उत्तरे दिली. एका निवृत्त माणसाला कोळ्यांची गोडी लागली, असे तिला वाटले. ते खरेही होते.

ही बातमी एखाद्या वर्तमानपत्राने दिली असती तर काही घडले नसते. ‘चंडीगडमध्ये आढळला आठ पायांचा दुर्मीळ कीटक’ असा मथळा असता, खाली भलत्याच कोळ्याचा फोटो असता, आणि लेफ्टनंट कर्नलची प्रतिक्रिया असती. अशा मजकुरातून कोणत्याही प्राण्याला नाव मिळण्याचा धोका नसतो. आमचा धंदा या बाबतीत अत्यंत सुरक्षित आहे.

विंग कमांडरांचा लेख वेगळा होता. त्यात मापे मिलिमीटरमध्ये होती. नराच्या त्या अवयवाचे वर्णन इतक्या शुद्ध मराठीत होते की अध्यक्षबाईंनी ते वाचून पसंत केले. त्यांना ते काय आहे ते कळले नव्हते. दोन नातेवाईक जातींशी तुलना होती. नमुना कोणता, कुठे ठेवला, क्रमांक काय, सर्व होते. ‘ही प्रजाती विज्ञानास संपूर्णपणे नवी आहे’ हे वाक्य ठळक अक्षरांत होते. प्राण्याचे शास्त्रीय नाव रोमन लिपीत आणि तिरपेच असले पाहिजे म्हणून ते स्वतः छापखान्यात जाऊन बसले होते. लेखाच्या शेवटी ‘वर्णन व मांडणी : प्रस्तुत लेखक’ अशी ओळ होती आणि खाली हुद्द्यासह त्यांचे नाव. तिचा उल्लेख ‘लेफ्टनंट कर्नल अमुक यांच्या सुविद्य पत्नी’ असा आला होता.

प्रूफ माझ्याकडे आले तेव्हा त्यात एकही चूक नव्हती. ‘ळ’सुद्धा सगळे जागेवर होते.

अंकाचे गठ्ठे छापखान्यातून विंग कमांडरांच्या दिवाणखान्यात आले. दोन दिवसांनी मंडळाचा फराळ होता आणि तिथे अंक वाटायचा होता. मी लेखाच्या पानांचे फोटो काढून तिला पाठवले आणि अभिनंदन कळवले. ती फोनवर आली तेव्हा तिने आभार मानले नाहीत.

‘‘अंक वाटला?’’

‘‘नाही. परवा फराळाला.’’

‘‘कुणालाच नाही दिला? नक्की?’’

‘‘नक्की. गठ्ठे सरांच्या सोफ्याशेजारी आहेत. त्यांच्या मिसेस त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात.’’

‘‘वाटू नका. मी येते.’’

ती तासाभरात नियमावलीची छापलेली पाने घेऊन घरी आली. मी तिला चहा दिला आणि तिने तो तसाच ठेवला.

‘‘पण हे मराठीत आहे,’’ मी म्हणालो.

‘‘भाषा कुठलीही चालते.’’

‘‘दिवाळी अंक आहे हो. चकलीच्या भाजणीवर लेख आहे त्यात.’’

‘‘छापील आहे, प्रती एकसारख्या आहेत, मागेल त्याला मिळणार आहे. आणखी काय लागतं? वर्णन आहे, फरक आहे, नमुना आहे, संग्रहालय आहे, ‘नवी’ म्हटलंय. एक जरी गोष्ट सुटली असती ना, तर मी पेढे वाटले असते.’’

‘‘शास्त्रीय नियतकालिक नाही, असं म्हणता येईल.’’

‘‘येईल. शास्त्रीय, कायमस्वरूपी नोंद म्हणून काढलेला असावा, असं नियम म्हणतो. दिवाळी अंक तसा नसतो, यावर वाद घालता आला असता.’’ तिने माझ्याकडच्या प्रुफांतले पहिले पान काढून माझ्यासमोर ठेवले. दिवाळी अंकांचे संपादक आपला अंक संग्राह्य आहे असे म्हणून थांबतात. आमच्या संपादकांना एवढ्यावर समाधान नव्हते. त्यांनी लिहिले होते, ‘हा अंक म्हणजे भावी पिढ्यांसाठी एक शास्त्रशुद्ध आणि कायमस्वरूपी नोंद आहे.’

अंक वाटला गेला की कोळ्याचे नाव दिवाळीत प्रसिद्ध झाले असे धरता येणार होते, आणि नाव देणारा म्हणून पुढे विंग कमांडर लागणार होते. जानेवारीत येणारा तिचा निबंध मग एका आधीच नाव मिळालेल्या प्राण्याचे दुसऱ्यांदा केलेले वर्णन ठरला असता. बहुधा तो आलाच नसता, कारण वादातला निबंध छापण्याची हौस कोणत्याच संपादकाला नसते. मार्गदर्शक निवृत्त झाल्यामुळे त्या निबंधावर तिचे एकटीचे नाव होते. संशोधनात असा योग क्वचित येतो.

‘‘इतकी वर्षं हे काम ओढतेय,’’ ती म्हणाली. ‘‘प्रत्येक ठिकाणी काही ना काही सोडून आले. ही एकच गोष्ट होती जी बदलीवर माझ्याबरोबर आली असती.’’

एवढे बोलून तिने थंड झालेला चहा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विंग कमांडरांकडे समितीची तातडीची बैठक झाली. समिती म्हणजे साहेब, अध्यक्षबाई, बँक अधिकारी आणि मी. साहेबांच्या पत्नी चहापुरत्या होत्या, पण त्या थांबल्या. खुर्च्या कमी पडल्या म्हणून बँक अधिकारी अंकांच्या गठ्ठ्यावर बसले. तिने सगळे पुन्हा सांगितले.

अध्यक्षबाईंना अडचण दिसेना. ‘‘अगं, पण यात वाईट काय आहे? मंडळाच्या अंकात जगात पहिल्यांदा छापलं जातंय. मंडळाचं नाव होईल.’’

‘‘मंडळाचं नाही होणार, मॅडम. सरांचं होईल.’’

‘‘माझं?’’ विंग कमांडर म्हणाले.

‘‘लेख तुमचा आहे, वर्णन तुमचं आहे. तसं तुम्ही खाली छापलंय.’’

‘‘यांचं नाव? कोळ्याला?’’ साहेबांच्या पत्नींनी विचारले.

‘‘कोळ्याच्या नावापुढे. आणि वर्ष.’’

‘‘आणि ते नंतर काढता येत नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘बघा,’’ त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या. ‘‘आपल्या गॅसच्या कनेक्शनवर अजून मामंजींचं नाव आहे.’’

बँक अधिकारी गठ्ठ्यावरून म्हणाले, ‘‘पानं फाडून टाका की मग. दोन पानांचा तर लेख आहे.’’

‘‘मागच्या बाजूला भाजणी आहे,’’ अध्यक्षबाई म्हणाल्या. भाजणीचा लेख त्यांचा होता. ‘‘ती अर्धी फाटेल. लोक काय करतील अर्ध्या भाजणीचं?’’

यावर मतदान घ्यावे असे सुचवण्यात आले. प्राणिशास्त्रात मतदानाने काही ठरत नाही, असे तिने सांगितले. मंडळात ठरते, असे अध्यक्षबाईंनी सांगितले. अंक वाटावा या बाजूने अध्यक्षबाई होत्या. बँक अधिकारी दोन्ही बाजूंनी होते. मी ‘मॅडमचे मिस्टर’ असल्यामुळे मला मत होते की नाही, याची घटनेत तरतूद नव्हती.

विंग कमांडरांनी हात वर केला. मत देण्यासाठी नव्हे. त्यांना शांतता हवी होती.

‘‘बेटा, मला नीट समजू दे. काहीही केलं नाही, अंक नेहमीसारखा वाटला, तर नाव माझं लागेल?’’

‘‘हो, सर.’’

‘‘मी कोणता नियम मोडला असं होईल?’’

‘‘नाही. तुम्ही सगळे नियम पाळलेत. तोच प्रॉब्लेम आहे.’’

‘‘आणि तू तक्रार केलीस तर?’’

‘‘करता येईल. वर्षानुवर्षं चालेल. तोवर आमची बदली होईल.’’

ते उठून खिडकीपाशी गेले. त्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या विमानांचे सुटे भाग मोजले होते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही वस्तूवर त्यांचे नाव नव्हते. वस्तूवर फक्त नंबर होता. आता एक वस्तू आपण होऊन त्यांच्या नावाने फुकट जमा होत होती आणि ती नाकारण्यासाठी त्यांनाच काही तरी करावे लागणार होते. खोलीतले सगळे त्यांच्या पाठीकडे पाहत होते.

‘‘ही पाने इथे ठेव,’’ ते म्हणाले. ‘‘मला वाचू दे. संध्याकाळी या.’’

‘‘सर, उद्या फराळ आहे.’’

‘‘मला माहीत आहे फराळ कधी आहे.’’

ती दिवसभर आमच्याकडे थांबली. नवरा सरावासाठी बाहेर होता आणि मुलगा फोनवर विचारत होता, ‘‘मम्मा, व्हॉट इज द बिग डील, स्पायडर तो वही रहेगा ना?’’ तिने त्याला फ्रिजमधली भाजी गरम करून घ्यायला सांगितले. माझ्या पत्नीने प्रयोगशाळेतून आल्यावर विचारले, विंग कमांडर नाही म्हणाले तर काय. ‘‘नाही म्हणायची त्यांना गरजच नाही,’’ ती म्हणाली. ‘‘गप्प बसले तरी झालं.’’

संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा नियमावलीच्या पानांवर पट्टीने आखलेल्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. साहेबांनी चष्मा काढला.

‘‘नियमावली चांगली लिहिली आहे,’’ ते म्हणाले. ‘‘एका वस्तूला एक नंबर. दोन पडले तर आधीचा खरा. आमच्याकडे हेच होतं. फक्त इथे चौकशी समिती नाही, ही उणीव आहे.’’

त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

‘‘आता मला सांग. तो नमुना कोणी पकडला?’’

‘‘मी.’’

‘‘मापं कोणी घेतली?’’

‘‘मी.’’

‘‘मी पाहिला आहे का तो?’’

‘‘नाही, सर. तुम्ही फोटो पाहिलाय.’’

‘‘फोटो पाहून वस्तू जमा करून घेणाऱ्या माणसाला मी सस्पेंड करवलं होतं.’’ त्यांनी पाने सारखी करून तिच्यापुढे सरकवली. ‘‘न मोजलेल्या मालावर मी सही करत नाही. माझं नाव नको.’’

तिने तोंड दुसरीकडे केले. साहेबांना हे अवघड गेले असावे, कारण ते लगेच कलमांकडे वळले.

‘‘पानं फाडायचीही गरज नाही. हे वाच. हा मजकूर प्राण्यांच्या नामकरणासाठी काढलेला नाही, असं त्याच छापील अंकात लिहिलेलं असेल, तर तो धरत नाहीत. तू मला सकाळी हे दाखवलं नाहीस.’’

‘‘छापून झालाय, सर. आता कुठे लिहिणार?’’

‘‘वाटलेला नाही ना? मग शिक्का मारू.’’

त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, ‘‘म्हणजे गॅसच्या कनेक्शनचंच बघायचं आता.’’

शिक्क्याचा मजकूर ठरवायला बैठकीपेक्षा जास्त वेळ लागला. ‘या अंकातील कोणताही मजकूर कायमस्वरूपी शास्त्रीय नोंदीसाठी अथवा प्राण्यांच्या नामकरणासाठी प्रसिद्ध केलेला नाही,’ असे अखेर ठरले. सेक्टर बावीसमधल्या शिक्केवाल्याने तो दोनदा वाचला. ‘‘नेपाली है जी?’’ त्याने विचारले. मराठी आहे म्हटल्यावर त्याने विचारले, की कोर्टाचे काम आहे का. साहेब म्हणाले, ‘‘उससे बड़ा.’’ त्याने घाई केली.

फराळाच्या दिवशी सकाळी शिक्के मारले गेले. प्रत्येक प्रतीत दोन: एक संपादकीयाखाली, त्या ‘कायमस्वरूपी नोंद’च्या बरोबर खाली, आणि दुसरा कोळ्याच्या लेखावर. लेखावरचा शिक्का साहेबांनी कोणाला मारू दिला नाही. प्रत्येक शिक्का पानाच्या कडेशी समांतर होता. शाई वाळेपर्यंत अंक मिटायचा नाही, असा आदेश होता, त्यामुळे दिवाणखान्यात, जेवणाच्या टेबलावर आणि पलंगांवर उघडे अंक पसरले होते आणि चालायला जागा नव्हती. कर्नलची पत्नी जमिनीवर बसून एकेक प्रत तपासत होती. एकही सुटली नाही ना, हे तिने स्वतः पाहिले, मग साहेबांनी पाहिले, आणि मग एकमेकांनी तपासलेले पुन्हा तपासले.

फराळाला अंक मिळाला तेव्हा लोकांनी सवयीप्रमाणे आधी आपापली पाने उघडली, मग शिक्का वाचला. मंडळातले तीन कवी एकत्र संपादकांकडे आले. आपल्या कविता कायमस्वरूपी नाहीत, असा अंकाचा दावा आहे का, असे त्यांनी विचारले. दावा सर्व मजकुरासाठी आहे, असे साहेबांनी सांगितले. एका कवीने अंक परत केला. बँक अधिकारी त्याला म्हणाले, ‘‘कायमचं काही नसतेच जी. यांनी फक्त लिहून दिलं.’’ अध्यक्षबाई भाजणीवर शिक्का नाही हे दाखवत फिरत होत्या; भाजणीला तो लागू नाही, असा त्यांचा अर्थ होता.

निबंध जानेवारीत आला. कोळ्याच्या नावापुढे तिचे माहेरचे आडनाव होते, स्वल्पविराम होता आणि वर्ष होते. मंडळातल्या बहुतेकांना ते आडनाव ओळखता आले नाही. ‘‘ही कोण?’’ अध्यक्षबाईंनी मला विचारले. मी सांगितले. ‘‘म्हणजे आपली स्पायडर मॅडम?’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिचं नाव हे आहे होय?’’

ती निबंधाची छापलेली प्रत घेऊन विंग कमांडरांकडे गेली तेव्हा मी बरोबर होतो. साहेबांनी तो पहिल्या शब्दापासून वाचला. आम्ही बसून राहिलो. एका मापाशी ते थांबले, आपला लेख काढून ताडून पाहिले आणि पुढे गेले. शेवटी आभाराचा परिच्छेद होता. त्यात अनुदान नव्हते, संचालक नव्हते. लष्करी अधिकाऱ्याचे, फाटकाबाहेरचा सल्ला दिल्याबद्दल, आभार होते. त्याखाली विंग कमांडरांचे नाव होते: एका लेखाचे श्रेय न घेतल्याबद्दल.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

‘‘हुद्दा राहिला आहे,’’ ते म्हणाले. ‘‘विंग कमांडर. आणि कंसात निवृत्त.’’

‘‘तिथे हुद्दे लावत नाहीत, सर.’’

‘‘कोणाचेच?’’

‘‘कोणाचेच नाही. डॉक्टरसुद्धा नाही.’’

ते निबंधाचे पहिले पान उलटून तिच्या नावाकडे पाहत राहिले.

‘‘बरं आहे,’’ ते म्हणाले, आणि प्रत तिला परत न देता कपाटात ठेवायला घेऊन गेले.